स्प्रिंगफील्डची टेकडी आणि अक्रोडाचे लाकूड

अमेरिकेत बोस्टन शहरापासून पश्चिमेला सुमारे दीडशे किलोमीटरवर, कनेक्टिकट नदीच्या काठी स्प्रिंगफील्ड हे शहर वसले आहे. नदी रुंद आणि संथ. दोन्ही तीरांना गाळाची सपाट जमीन. पूर्वी या खोऱ्यात विड्यांच्या, म्हणजे त्यांच्या सिगारांच्या वरच्या पानासाठी तंबाखू होई. अजूनही थोडी होते. ऊन कडक लागू नये म्हणून तंबाखूच्या शेतावर पांढऱ्या कापडाचा मांडव घालतात. निपाणीकडच्या शेतकऱ्याने तो पाहिला तर त्याला लग्नघराची आठवण होईल. बास्केटबॉल हा खेळ याच गावात 1891 साली जन्माला आला. पहिल्या खेळाला जाळ्या नव्हत्या. पीच फळे भरण्याच्या दोन टोपल्या खिळ्याने ठोकल्या होत्या.

परंतु या गावाचे नाव जगभर गेले ते टोपल्यांमुळे नाही, बंदुकांमुळे. गावातल्या टेकडीवर सरकारी शस्त्रशाळा होती. 1777 साली तेथे दारूगोळ्याचे कोठार सुरू झाले, 1794 साली त्याचा कारखाना झाला, आणि 1968 साली तो बंद पडला. आता तेथे राष्ट्रीय स्मारक आणि संग्रहालय आहे. आवाराच्या उरलेल्या भागात तंत्रशिक्षणाचे कॉलेज भरते. भोवती लोखंडी कुंपण, त्याचे गज भाल्याच्या टोकांसारखे. आत जायला तिकीट नाही.

शेतकऱ्याला या टेकडीची आणखी एक ओळख करून दिली पाहिजे. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर या भागातले शेतकरी कर्जात आणि करात बुडाले. कोर्टाचे हुकूमनामे येत, जमिनी-गुरे लिलावात जात, माणसे तुरुंगात पडत. स्वातंत्र्याच्या लढाईत लढून आलेला डॅनियल शेज नावाचा एक शेतकरी त्यांचा पुढारी झाला. 25 जानेवारी 1787 रोजी, बर्फातून चालत, हजारावर शेतकरी या कोठारावर आले. आतल्या बंदुका ताब्यात घ्यायचा त्यांचा बेत होता. राखणदार सैन्याने तोफ डागली, चार माणसे गेली, जमाव पांगला. आपल्या सुप्याच्या बाजारात 12 मे 1875 रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जरोख्यांची कागदपत्रे जाळली. तेव्हाचे आपले लोक आणि हे लोक एकमेकांना पाहिल्यावाचून ओळखते झाले असते. गंमत अशी की, ज्या टेकडीवरून शेतकऱ्यांना हाकलले, त्याच टेकडीवर पुढे पावणेदोनशे वर्षे त्यांचीच मुले-नातवंडे बंदुका घडवीत राहिली.

बंदूक म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे लोखंड येते. संग्रहालयात हिंडताना मात्र माझे लक्ष लाकडाकडेच जात होते. लोखंड बार काढते, पण माणसाचा हात, गाल आणि खांदा लागतो तो लाकडाला. ज्यांनी एन.सी.सी.त किंवा होमगार्डमध्ये थ्री-नॉट-थ्री हाताळली आहे त्यांना आठवत असेल, खांद्याला लागतो तो दस्ता, आणि पुढे नळीच्या वरच्या अंगालाही लाकडाचे पातळ झाकण असते. त्याला हँडगार्ड म्हणतात. नळीचे कवच म्हणा. बार काढत गेले की नळी तापते, इतकी की उघड्या हाताला चटका बसतो. ते लाकूड तो चटका अडवते. दिसायला पन्हळीसारखे, उताणे ठेवले तर गुरांच्या डोणीची छोटी प्रतिकृती वाटावी असे.

हे लाकूड अक्रोडाचे. आपल्याकडे काश्मीरमधून येतो तो अक्रोड वेगळा. यांचा काळा अक्रोड, लाकूड चॉकलेटी-जांभळट. जड असूनही फार जड नाही, धक्का सोसते, सहसा चिरत नाही, आणि मुख्य म्हणजे एकदा वाळले की पावसाळ्या-हिवाळ्यात फारसे फुगत-आकसत नाही. औताला बाभूळ, कुऱ्हाडीच्या दांड्याला धावडा, तसा यांच्या बंदुकीला अक्रोड. 1918 साली, पहिल्या महायुद्धात लाकडाची चणचण पडली तेव्हा सरकारने बालवीरांना गावोगाव काळ्या अक्रोडाची झाडे शोधायच्या कामाला लावले होते. बंदुकांना आणि विमानाच्या पंख्यांना ते लाकूड हवे होते.

या झाडाचा एक खोडसाळ गुण शेतकऱ्यांनी ऐकण्यासारखा आहे. मुळांतून आणि पाल्यातून ते असा रस सोडते की त्याच्या आसपास टोमॅटो लावला तर कोमेजून मरतो. सफरचंदालाही ते शेजार सोसत नाही. त्याचा भुसा घोड्याच्या पागेत अंथरला तर घोड्याचे खूर सुजतात, जनावर लंगडते. म्हणून सुतारकाम करणारा शहाणा माणूस अक्रोडाचा भुसा पागेपासून लांब टाकतो.

संग्रहालयात एका जागी जुने लाकडी-लोखंडी यंत्र ठेवले आहे. रंगरूप काही नाही, पण मी त्यापुढून अर्धा तास हललो नाही. टॉमस ब्लँचर्ड नावाच्या माणसाचे हे यंत्र. हा जवळच्याच सटन गावातल्या शेतकऱ्याचा मुलगा, जन्म 1788 चा. लहानपणीच त्याने सफरचंद सोलण्याचे यंत्र केले होते. पुढे त्याने बंदुकीच्या नळीचा वेडावाकडा भाग कातण्याची युक्ती काढली आणि शस्त्रशाळेत ती दाखवीत होता. भोवती कारागीर जमले. सांगतात की, एकजण दुसऱ्याला म्हणाला, “गेले बाबा तुझे काम!” तिसरा दस्ते कोरणारा होता. तो म्हणाला की, माझे काम काही याला जमायचे नाही, दस्ता थोडाच गोल असतो! ब्लँचर्डने ते ऐकले आणि विचार करून बघतो, एवढेच म्हणाला. गाडीतून घरी जाताना वाटेत त्याला एकाएकी तोडगा सुचला आणि तो मोठ्याने ओरडला, तेव्हा रस्त्यावरच्या लोकांना वाटले, याला वेड लागले.

युक्ती अशी. बाजारात किल्ली करून देणारा बसतो, त्याच्याकडे यंत्राच्या एका बाजूला जुनी किल्ली आणि दुसऱ्या बाजूला कोरी पट्टी असते. एक खूण जुन्या किल्लीवरून सरकते आणि तिच्याच चालीने पाते कोऱ्या पट्टीला कापते. ब्लँचर्डच्या यंत्रात एका बाजूला लोखंडी नमुना आणि शेजारी लाकडाचा ओंडका, दोन्ही एकदम फिरतात. नमुन्यावरून गुळगुळीत चाक घरंगळते, त्याच चौकटीला बांधलेले दातेरी चाक ओंडक्याला कोरते. नमुना फुगला की दातेरी चाक मागे सरते, नमुना आत गेला की पुढे. पाहता पाहता ओंडक्यातून दस्ता निघतो. 1819 साली त्याला या यंत्राचा हक्क मिळाला. शस्त्रशाळेने त्याला प्रत्येक दस्त्यामागे नऊ सेंट दिले. याच युक्तीवर पुढे जोड्यांचे कळबूत, गाडीच्या चाकाचे आरे आणि कुऱ्हाडीचे दांडे निघू लागले. 1855 च्या सुमारास इंग्रजांनी अशीच दस्त्यांची यंत्रे स्प्रिंगफील्डजवळच्या एका कारखान्यातून आपल्या एनफील्डच्या कारखान्यासाठी नेली. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे असलेली थ्री-नॉट-थ्री त्या एनफील्डच्याच घराण्यातली.

यंत्र पाहून तोंडात बोट जाते, पण त्या तिसऱ्या कारागिराचे पुढे काय झाले हे तिथल्या पाटीवर लिहिलेले नाही.

संग्रहालयात जॉन गॅरंड या माणसाची बंदूक मानाने मांडली आहे. हाही क्युबेकमधल्या शेतावर जन्मलेला, लहानपणी कापडगिरणीत झाडू मारणारा. त्याने केलेली रायफल 1936 साली सैन्याने घेतली आणि दुसऱ्या महायुद्धात याच टेकडीवर तीस लाखांहून अधिक तयार झाल्या. त्या कामावर हजारो बायका होत्या. त्या बंदुकीला नळीवर लाकडाची दोन कवचे, एक मागे एक पुढे. गॅरंडला पगाराखेरीज एका बंदुकीमागे एक पैसाही मिळाला नाही. ब्लँचर्डला नऊ सेंट आणि याला शून्य! सरकारी नोकरीचे हे असे. तरी माणूस आनंदी असावा. घराच्या बैठकीत पाणी ओतून, त्याचा बर्फ करून तो त्यावर घसरत असे म्हणतात. त्याच्यानंतरच्या रायफलीला आधी लाकडी कवच बसवले. पण ते तापून करपू लागले, म्हणून फायबरचे आले. मग सगळी बंदूकच प्लास्टिकची झाली आणि अक्रोडाचे काम संपले.

म्हणजे कारखान्यातले संपले. घरोघरचे नाही.

माझा भाचा ज्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून भाजी घेतो, तो नदीच्या वरच्या अंगाला हॅडली गावात राहतो. तिथे अस्परॅगस नावाची कोंबांची भाजी होते, आपल्या शतावरीच्या कुळातली. भाच्याने त्याला माझ्या शस्त्रशाळेच्या फेरीविषयी सांगितले. म्हातारा म्हणाला, मामांना घेऊन या, मी सध्या एक हँडगार्डच करतो आहे. भाचेसून मला म्हणाली, “मामा, तुम्ही जरूर जा. पण नातवाला नेऊ नका.” शेजारच्या कनेक्टिकट राज्यात न्यूटाउन गावी डिसेंबर 2012 मध्ये एका माथेफिरूने शाळेत शिरून 20 लहान मुले आणि 6 मोठी माणसे रायफलीने मारली. तेव्हापासून या भागातल्या आयांना बंदूक हा शब्दही घरात नको असतो. शाळेत मुलांना दिवे बंद करून कोपऱ्यात गप्प बसायचा सराव देतात. मी नातवाला ठेवून गेलो.

म्हाताऱ्याचे कोठार तंबाखू वाळवण्याचे आहे. भिंतीच्या उभ्या फळ्या बिजागरीवर उघडतात, वारा आरपार जातो. तंबाखू कधीच बंद झाली. आता तिथे अंगणात पडलेल्या अक्रोडाच्या फळ्या वाळत घातल्या आहेत. एक इंच जाडीला एक वर्ष, हा त्यांचा ठोकताळा. टोकांना मेण लावून ठेवतात, नाहीतर पाणी टोकांकडून घाईने निघते आणि फळी चिरते. वाळली की नाही हे पाहायची रीत मला फार आवडली. फळीचा एक तुकडा दर आठवड्याला तोलून वजन भिंतीवर खडूने लिहायचे. वजन उतरायचे थांबले की लाकूड तयार. आपल्या सुताराने नांगराच्या हळसासाठी ही रीत करून पाहावी.

बंदूक त्याच्या वडिलांची, याच टेकडीवर झालेली, 1903 च्या नमुन्याची. जुन्या सैनिकी रायफली सरकारने नागरिकांना स्वस्तात विकल्या, त्यातली एक. त्या काळी लोक हरणाच्या शिकारीला बंदूक हलकी व्हावी म्हणून पुढचे लाकूड करवतीने कापून टाकीत आणि नळीवरचे कवच फेकून देत. वडिलांनी तेच केले. आता नातू-पणतू ती बंदूक पुन्हा मूळच्या रूपात आणू पाहतात, आणि फेकलेले कवचच मिळत नाही. म्हणून घरी करायचे. पुढचे लाकूड त्याने आधीच जोडून घेतले होते, कवच तेवढे राहिले होते.

त्याने आधी एक कापटा घेऊन कुऱ्हाडीने फोडला. लाकडाची रेष कुठे धावते ते फोडल्यावर कळते, कापल्यावर नाही. रेष सरळ लांबीने गेली पाहिजे. कवचाच्या कडा जागोजागी पाव इंचाहूनही पातळ असतात. रेष तिरपी असेल तर कड ढलपीसारखी उडते. कुऱ्हाडीच्या दांड्याचेच शास्त्र.

मग चौकोनी ठोकळा. बाहेरून गोल करायची घाई करायची नाही. आधी आतली पन्हळ कोरायची, कारण चौकोनी ठोकळा शिकंज्यात घट्ट बसतो, गोल झालेला निसटतो. मधोमध पेन्सिलीची रेघ, दोन्ही टोकांना नळीचे माप. नळी मागे जाड आणि पुढे बारीक, म्हणून पन्हळही तशीच निमुळती हवी. एका मापाच्या गिरमिटाने भागत नाही. गोल पटाशीने थोडे थोडे काढत जायचे. शेवटी गोल काठीला काचकागद गुंडाळून घासायचे. मागच्या बाजूला नेम धरण्याच्या पट्टीसाठी खाच, आणि आत नळीला धरून बसणाऱ्या दोन पोलादी चापांसाठी जागा.

खरे काम त्यापुढे. नळीला दिव्याची काजळी माखायची, कवच हलके टेकवून उचलायचे. आत जिथे काळा ठिपका उठला तिथे लाकूड नळीला लागते, तेवढेच खरवडायचे. पुन्हा काजळी, पुन्हा टेकवणे. म्हाताऱ्याने माझ्यादेखत हे पंधरा-वीसदा केले. चापांची जागा सोडून कवच नळीला कुठेच चिकटता कामा नये. नळी तापली की वाढते, बार निघताना थरथरते; लाकूड एका बाजूने दाबत असेल तर गोळी भलतीकडे जाते. शेवटी त्याने कागदाची पट्टी नळी आणि लाकूड यांच्या मधून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून दाखवली. कुठे अडली नाही.

त्याचा नातू बाजूला उभा होता, विशीतला. त्याने विचारले, “आजोबा, झाली की एकदा बार काढू ना?” म्हातारा म्हणाला, “नाही.”

कारण बंदुकीच्या पोटातच आहे. या नमुन्याच्या पहिल्या आठ लाख बंदुकांना पोलाद तापवताना लोहार डोळ्याने रंग पाहून अंदाज घेत. पुढे कळले की, लख्ख उन्हाच्या दिवशी तापलेल्या पोलादाचा रंग फिका वाटतो, म्हणून माणूस ते जास्त तापवतो. भट्टी तीच, माणूस तोच, पण ढगाळ दिवसाचे पोलाद चिवट आणि उन्हाच्या दिवसाचे कधी कधी काचेसारखे ठिसूळ. पहिल्या महायुद्धाच्या काळात काही बंदुका फुटल्या तेव्हा हे बाहेर आले, आणि आठ लाखांच्या पुढच्या नंबरांना रीत बदलून तापमापक बसवले. कोणती बंदूक उन्हातली आणि कोणती ढगाखालची हे वरून सांगता येत नाही. म्हाताऱ्याच्या वडिलांच्या बंदुकीचा नंबर आठ लाखांच्या आतला आहे. वडिलांनी तिने कित्येक हरणे मारली, काही झाले नाही. “त्यांचे नशीब वेगळे, तुझे वेगळे,” म्हातारा नातवाला म्हणाला. बंदुकीचा खटका-दांडा त्याने काढून दुसऱ्या कपाटात कुलपात ठेवला आहे. त्या राज्यात बंदूक कुलूपबंद ठेवायचा कायदाच आहे.

मी विचारले, बार काढायचाच नाही तर कागद फिरण्याएवढी फट राखायची उठाठेव कशाला? त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “मग तो हँडगार्ड कसला? ती नुसती लाकडाची पट्टी.”

येथे वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. आपल्या शस्त्र कायद्यात, म्हणजे 1959 च्या कायद्यात, बंदुकीचा सुटा भागही बंदुकीतच धरला जातो आणि बनवायला वा दुरुस्त करायला परवाना लागतो. आपल्यापैकी ज्यांच्याकडे रानडुकरांपासून पीक राखायला परवान्याची ठासणीची बंदूक आहे, त्यांनी दस्ता तडकला तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच जावे. गावच्या सुताराला संकटात घालू नये.

बाहेरचा आकार कानशीने आणि मग काचकागदाने झाला. गुळगुळीत झाल्यावर त्याने ओल्या फडक्याने लाकूड पुसले. पाणी लागताच बारीक तंतू उभे राहतात, हाताला खरखरीत लागतात. वाळल्यावर ते घासून काढायचे, असे तीनदा. पुढे कधी हाताचा घाम लागला तरी लाकूड पुन्हा खडबडीत होत नाही. खुरप्याच्या मुठीला ही युक्ती करून पाहा, फोड येणार नाहीत.

मग तेल. डबा उघडला तसा वास आला आणि मी म्हटले, अरे, हे तर जवस! विदर्भात-मराठवाड्यात आपण चटणी करतो त्याच जवसाचे तेल, लवकर वाळावे म्हणून तयार केलेले. शस्त्रशाळेतही दस्ते याच तेलात बुडवीत. हाताच्या तळव्याने चोळायचे, उरलेले पुसून घ्यायचे, दिवसभर वाळू द्यायचे, मग दुसरा हात. जुने सुतार सांगतात, आठवडाभर रोज, महिनाभर आठवड्याला, वर्षभर महिन्याला, आणि पुढे जन्मभर वर्षातून एकदा. पहिल्याच हाताला त्या फिक्या चॉकलेटी लाकडात जांभळ्या-काळ्या रेघा उठल्या. नातू इतका वेळ रुसून उभा होता, तो जवळ आला आणि न सांगता दुसरे फडके घेऊन चोळू लागला.

काम आटोपल्यावर त्याने तेलाचे फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकले. म्हातारा जागचा उठला. जवसाचे तेल वाळताना स्वतःच तापते. चुरगाळलेल्या फडक्यात ती ऊब कोंडते आणि रात्री कोणी नसताना फडके आपोआप पेट घेते. अशा फडक्यांनी कोठारे जळाली आहेत. बॅटीला जवसाचे तेल लावणाऱ्या आपल्या मुलांच्या आयांनी हे ध्यानात ठेवावे. त्याने फडकी उचलली, एकेक झटकून उलगडली आणि बाहेर तारेच्या कुंपणावर सुटी सुटी वाळत घातली.